नेटवर पाठवण्याआधी थांबायला शिकवा: बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना तोल आणि व्हॉली शिकवण्याचा क्रम

पुण्यातल्या कुठल्याही टेनिस बॅचला संध्याकाळी जाऊन उभं राहा. नेटवरच्या खेळाचा, म्हणजे व्हॉलीचा (टप्पा पडण्याआधी बॉल हवेतच मारण्याचा) दिवस असेल तर दृश्य ठरलेलं असतं. पलीकडे सर बॉलची बास्केट घेऊन उभे, अलीकडे आठ-दहा मुलांची रांग. प्रत्येकाच्या वाट्याला दोन बॉल. पहिल्या बॉलला मुलगा फोरहँडसारखी रॅकेट मागे नेऊन हाणतो आणि बॉल थेट मागच्या जाळीवर जातो. दुसऱ्या बॉलला तो पुढे झेपावतो, तोल जातो, पोट नेटला टेकतं. मग रांगेत जाऊन पाच मिनिटं गप्पा. महिनाभर हेच झालं की ते मूल मॅचमध्ये बेसलाइन, म्हणजे कोर्टची मागची रेषा, सोडायलाच तयार होत नाही, आणि पालक विचारतात, "सर, याला नेटची भीती का वाटते?"

भीती नंतर येते, आधी तोल गेलेला असतो. बेसलाइनवर बॉल यायला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या जेमतेम निम्मा वेळ नेटजवळ मिळतो. तेवढ्यात पाय सावरायचे की रॅकेट, असा प्रश्न पडला की दोन्ही बिघडतं. म्हणून पाय आधी तयार हवेत. माझ्या बॅचमध्ये क्रम असा असतो: तोल, थांबणं, टेकणं, झेलणं, आणि त्यानंतर रॅकेट. बहुतेक ठिकाणी मधल्या तीन गोष्टी गाळल्या जातात. हा लेख मुख्यतः त्या तीन गोष्टींसाठी आहे.

तयारी: कोर्टवर जाण्याआधी

एका कोर्टवर आठ ते बारा मुलं, एक शिकवणारा आणि एक मदतनीस. बारापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गट करा आणि दुसऱ्या गटाला कोर्टच्या बाहेर तोलाचे खेळ द्या. रांगेत उभं राहिलेलं मूल काहीच शिकत नाही, शिवाय त्याचं अंग थंड पडतं.

बॉल चाळीसेक हवेत आणि त्यातले निम्मे तरी हळू जाणारे हवेत. नारिंगी ठिपक्याचा बॉल नेहमीच्या पिवळ्या बॉलपेक्षा साधारण ५० टक्के हळू असतो, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. चौदा वर्षांच्या मुलाला नारिंगी बॉल दिला की तो तोंड वाकडं करतो, "सर, हे लहान मुलांचे आहेत." त्याला सांगा की हा बॉल पाय शिकण्यासाठी आहे आणि दोन आठवड्यांनी बदलणार आहे. तारीख सांगितली की मुलं ऐकतात. हवा गेलेले जुने बॉल टाकू नका, हाताने झेलण्याच्या सरावाला ते उत्तम.

खुणांसाठी उंच कोन किंवा पाण्याच्या बाटल्या ठेवू नका. मागे सरकताना मुलांचा पाय त्यावरच पडतो. सिमेंटच्या कोर्टवर खडू आणि मातीच्या कोर्टवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे वीतभर चपटे तुकडे वापरा.

नेटची उंची दर वेळी मोजा. मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे तीन फूट, आणि खांबांपाशी १.०७ मीटर. टेप नसेल तर एक २७ इंची रॅकेट नेटच्या मध्यावर उभी धरा आणि तिच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवा. दोन्ही मिळून उंची जवळपास बरोबर येते. बऱ्याच कोर्टांवर मधला पट्टा सैल असतो किंवा नसतोच. मग नेट चार बोटं वर राहतं आणि मुलं विनाकारण बॉल उचलून मारायला शिकतात.

बुटांबद्दल पालकांशी स्पष्ट बोला. पळण्याच्या बुटांचा तळ जाड, मऊ आणि उंच असतो. सरळ धावायला तो चांगला, पण बाजूला झटकन थांबताना घोटा बाहेर वळतो. टेनिसचे बूट नसतील तर सपाट तळाचे बॅडमिंटनचे बूट चालतील. तोल शिकवायचा असेल तर इथे तडजोड करू नका, निम्मा तोल तिथेच ठरतो.

मग कोर्टभर एक फेरी मारा. मातीच्या कोर्टवर पट्ट्यांचे खिळे वर आलेत का, पाणी मारून रोलर फिरवलाय का, ते बघा. सिमेंटच्या कोर्टवर पावसाळ्यानंतर भिंतीच्या सावलीतल्या कोपऱ्यांत शेवाळ राहतं. वरून ते कोरडं दिसतं, पण बुटाने घासून बघा.

वेळ सव्वा तास पुरे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत सुरू करा किंवा संध्याकाळी पाचनंतर. दर पंधरा मिनिटांनी पाणी, मागितलं नाही तरी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला पुण्यात चांगलीच थंडी असते, तेव्हा पहिल्या पायरीला दहाऐवजी पंधरा मिनिटं द्या.

सावधान: सुरुवातीलाच विचारा, "कोणाचा गुडघा किंवा टाच दुखतेय का?" या वयात हाडं भराभर वाढतात. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखणं, किंवा टाचेच्या मागे दुखणं हे वाढीच्या वयात नेहमी दिसतं आणि उड्या मारल्या की वाढतं. अशा मुलाला उड्या आणि लंगडी देऊ नका, झेलण्याचा सराव द्या आणि पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. "चालतंय, सहन कर" असं म्हणू नका.

आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांत चार बोटं उंची वाढलेल्या मुलाला काल जमत होतं ते आज जमत नाही. माझ्या बॅचमधली एक तेरा वर्षांची मुलगी रडवेली होऊन म्हणाली होती, "सर, पाय माझं ऐकतच नाहीत." ती खरं तेच सांगत होती. हातपाय लांब झालेत आणि शरीराला त्यांचा अंदाज अजून आलेला नाही. हे मुलांना आधीच सांगितलं की ती स्वतःला नालायक समजत नाहीत. सगळ्यांसमोर मात्र सांगू नका, बाजूला घेऊन सांगा.

पायरी १: अंग गरम आणि तोल जागा (१० मिनिटं)

रॅकेट बेंचवर. ही पायरी पूर्ण मोकळ्या हातांनी करायची.

विष-अमृत. कोर्टचा अर्धा भाग घ्या, पण नेट आणि खांबांपासून दोन मीटर आतच खेळा. दोघांवर राज्य द्या, एकावर दिलं तर खेळ रेंगाळतो. ज्याला विष मिळालं त्याने तिथेच एका पायावर उभं राहायचं. दुसऱ्या कोणी येऊन त्याच्या हातात बॉल ठेवला की अमृत, तो सुटला. अमृत देणाऱ्यालाही बॉल ठेवताना एका पायावर उभं राहायचं आहे. त्यामुळे पळणाऱ्याला पूर्ण वेगातून थांबून तोल सावरावा लागतो, आणि त्यासाठीच हा खेळ आहे. दीड-दीड मिनिटाचे तीन डाव.

लंगडी. नेटपासून सर्व्हिस लाइनपर्यंत (नेट आणि बेसलाइनच्या मधली आडवी रेषा) ६.४० मीटर अंतर असतं. जाताना उजव्या पायावर, येताना डाव्या पायावर. शर्यत लावू नका. शर्यत लावली की मुलं लांब उड्या मारतात आणि गुडघा आत पडतो. उड्या लहान हव्यात, आणि प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबायचं.

लंगडीच्या वेळी मी बघण्यापेक्षा ऐकतो. पाठ करून उभं राहिलं तरी कळतं. गुडघा मऊ ठेवून उतरणाऱ्याचा पाय हलका वाजतो, ताठ गुडघ्याने उतरणाऱ्याचा "धप्प" असा आवाज येतो. मुलांनाही सांगा, "आवाज न करता लंगडी घाला." गुडघा वाकव, वजन पुढे ठेव अशा चार सूचना या एका वाक्यात येतात.

तपासा: एका पायावर उभं राहून बॉल एका हातातून दुसऱ्या हातात उडवत वीस सेकंद काढता येतात का? दोन्ही पायांवर करून बघा. बहुतेकांचा एक पाय कच्चा असतो. कोणाचा कोणता ते वहीत लिहून ठेवा, पुढे व्हॉली एकाच बाजूला बिघडत असेल तर कारण सापडतं.

पायरी २: थांबणं (१० मिनिटं)

धावणं सगळ्यांना येतं, थांबणं शिकवावं लागतं. इथे "स्टॅच्यू" वापरा, हा खेळ मुलांना माहीत असतो. मुलं सर्व्हिस लाइनवर बाजूला सरकत राहतात, पायावर पाय न टाकता. तुम्ही टाळी वाजवली की स्टॅच्यू. पण कोणत्याही अवस्थेत नाही, ठरलेल्या अवस्थेत: पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे मऊ, वजन चवड्यांवर, टाच इतकी हलकी की खालून वहीचा कागद सरकवता यावा. दोन्ही कोपरं पोटाच्या पुढे, हात छातीच्या उंचीवर, जणू समोरून कोणी ताट देतंय.

टाळी कधी लवकर, कधी उशिरा द्या. एकाच लयीत दिली तर मुलं लय पाठ करतात आणि थांबणं शिकत नाहीत.

तपासा: स्टॅच्यू असताना जोडीदाराने विचारून, दोन बोटांनी खांद्यावर हलकेच ढकलायचं. मागे गेला तर वजन टाचांवर आहे. बाजूला गेला तर पाय जवळ आहेत. मुलांनी एकमेकांना तपासलेलं जास्त चांगलं, तुम्ही फक्त बघा. या वयात कोणाच्या अंगाला हात लावून अवस्था दुरुस्त करू नका, स्वतः उभं राहून दाखवा.

नेहमीची चूक: मुलं कंबरेतून वाकतात आणि त्यालाच खाली बसणं समजतात. मग डोकं पुढे जातं आणि बॉलवरची नजर सुटते. त्यांना सांगा, "छातीवरचं नाव समोरच्याला वाचता आलं पाहिजे."

पायरी ३: टेकणं, म्हणजे स्प्लिट स्टेप (१५ मिनिटं)

यावर घाई करू नका. नेटवरचा अर्धा खेळ इथे आहे.

समोरच्याची रॅकेट बॉलला लागते त्या क्षणी तुमचे दोन्ही पाय जमिनीला टेकत असले पाहिजेत. त्याला स्प्लिट स्टेप म्हणतात. मुलं "उडी" हा शब्द ऐकतात आणि उंच उडतात. उंच उडालेला हवेत असतानाच बॉल बाजूने निघून जातो. म्हणून मी उडी हा शब्दच वापरत नाही, "टेक" म्हणतो. बुटाखालून वही सरकेल एवढंच वर जायचं.

खो-खो खेळणाऱ्या मुलांना हे लवकर जमतं. खो मिळाला की जसं एका झटक्यात कोणत्याही बाजूला निघता येतं, तशीच ही तयारी. बॅचमध्ये खो-खोचं मूल असेल तर त्यालाच करून दाखवायला सांगा.

सराव असा. जोड्या करा. एक जण समोर उभा, दोन्ही हात खांद्यांच्या उंचीवर बाजूला पसरलेले, दोन्ही हातांत एकेक बॉल. दुसरा तीन मीटरवर. पहिल्याने न सांगता एक बॉल सोडायचा. सोडतानाच दुसऱ्याने टेकायचं आणि दुसरा टप्पा पडायच्या आत तो बॉल पकडायचा. सहा-सहा वेळा, मग बदल. जमायला लागलं की अंतर अर्ध्या मीटरने वाढवा. खेळ साधा दिसतो, पण तीन मिनिटांत मुलं घामाघूम होतात.

मग रॅकेट फक्त तुमच्या हातात. तुम्ही बेसलाइनवरून बॉल मारा, नेटजवळची मुलं नुसती टेकतील आणि बॉलच्या बाजूला एक पाऊल टाकतील. बॉल कोणी पकडायचा नाही. पहिले दहा बॉल सगळ्यांनी मिळून मारतानाच्या क्षणी "टेक!" म्हणायचं. मुलांचं ओरडणं तुमच्या फटक्याच्या मागे पडत असेल तर पायही मागे पडतायत.

तपासा: मोबाइलवर मंद गतीचा व्हिडिओ काढा. फ्रेममध्ये तुमची रॅकेट आणि मुलाचे पाय दोन्ही दिसले पाहिजेत. रॅकेटला बॉल लागला त्या फ्रेमवर थांबवा आणि पाय कुठे आहेत ते मुलालाच सांगू द्या. दहा मिनिटं समजावण्यापेक्षा ही एक फ्रेम जास्त समजावते. व्हिडिओ मुलांना आणि पालकांना दाखवून झाला की पुसून टाका आणि काढण्याआधी पालकांची परवानगी घ्या.

बालेवाडीला महाराष्ट्र ओपन भरायची त्या काळात (२०१८ मध्ये ती स्पर्धा चेन्नईहून पुण्यात आली) मी एका वर्षी मुलांना डबल्सची मॅच बघायला नेलं होतं. एका गेमपुरतं सांगितलं, "बॉलकडे बघायचं नाही, नेटवरच्या खेळाडूच्या पायांकडे बघा." परत येताना बसमध्ये मुलं सीटवर बसल्या बसल्या "टेक, टेक" करत होती. टीव्हीवरही हे करता येतं.

पायरी ४: रॅकेटशिवाय झेलणं (१० मिनिटं)

नेटच्या दोन्ही बाजूंना जोड्या, प्रत्येकी दोन मीटर मागे. खालून, हळू बॉल फेकायचा आणि समोरच्याने तो हवेतच झेलायचा. नियम दोन. बॉल अंगाच्या पुढे झेलायचा, कानापाशी नाही. आणि झेलताना विरुद्ध पाय पुढे टाकायचा: उजव्या बाजूच्या बॉलला उजवा हात आणि डावा पाय, डाव्या बाजूच्या बॉलला डावा हात आणि उजवा पाय.

पुण्यातलं प्रत्येक मूल क्रिकेट खेळलेलं असतं, त्यामुळे स्लिपमधल्या झेलाची आठवण करून द्या. स्लिपचा खेळाडू बॉलवर हात मारत नाही, बॉलला हातात येऊ देतो. पण एक फरक लगेच सांगा, नाहीतर नवीन चूक बसते. क्रिकेटमध्ये झेलताना हात मागे घेतात, इथे घ्यायचे नाहीत. झेल जिथे बसला तिथेच हात थांबला पाहिजे. झेलल्यावर दोन सेकंद तसंच थांबायला लावा. थांबता आलं नाही तर पाऊल चुकलंय.

तपासा: सलग दहा झेल, दोन्ही बाजूंचे, आणि शेवटच्या झेलानंतर स्टॅच्यू. हे जमल्याशिवाय रॅकेट हातात देऊ नका. ज्यांना जमलं त्यांना पुढे पाठवा, बाकीच्यांना मदतनीसाबरोबर इथेच ठेवा. सगळ्यांना एकत्र पुढे नेण्याच्या नादात ही तपासणी सोडली जाते आणि मग सहाव्या पायरीवर सगळं कोसळतं.

पायरी ५: पकड आणि आखूड रॅकेट (१५ मिनिटं)

हल्लीची मुलं फोरहँडला रॅकेट बरीच फिरवून धरतात, त्यामुळे बॉलला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी, चांगला मिळतो. नेटवर तीच पकड राहिली तर रॅकेटचं तोंड जमिनीकडे होतं आणि बॉल नेटमध्ये जातो. पकड बदलायला तिथे वेळ नसतो. म्हणून नेटवर दोन्ही बाजूंना एकच पकड, कॉन्टिनेंटल.

शिकवायची पद्धत: रॅकेटची कडा जमिनीकडे ठेवा आणि हातोडीने खिळा ठोकायचा आहे असं धरा. बस. तर्जनीच्या मुळाचं हाड दांड्याच्या वरच्या सपाट बाजूच्या शेजारच्या तिरक्या कडेवर येतं, ते बोटाने चाचपून बघा. पकड किती घट्ट? अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धरावी तेवढी: निसटू नये आणि फुटूही नये. बॉल लागतो त्या क्षणी तेवढी मूठ आवळायची, पुन्हा सैल.

पहिल्या वीस बॉलना हात दांड्यावर नको, रॅकेटच्या गळ्यापाशी धरा. आखूड रॅकेट हाताच्या पंजासारखी वागते आणि पायरी ४ चा झेल तसाच पुढे येतो. मग चार बोटं खाली, मग आणखी खाली, शेवटी पूर्ण दांड्यावर.

रॅकेट मागे नेण्याची सवय कशी मोडायची? मुलाला मागच्या जाळीला पाठ करून उभं करा, अर्ध्या पावलाचं अंतर ठेवून. तुम्ही तीन मीटरवरून हाताने बॉल द्या. रॅकेट मागे गेली की जाळी खणखणते. तुम्हाला काही बोलावं लागत नाही. रागावून सांगितलेली सूचना विसरतात, जाळीचा आवाज विसरत नाहीत.

नेहमीची चूक: मनगट ढिलं सोडून बॉलला थापट मारणं. रॅकेटचं डोकं मनगटापेक्षा वर राहिलं पाहिजे. बॉल खाली आला तर गुडघे खाली न्यायचे. पायरी २ पक्की झाली असेल तर हे आपोआप येतं, नसेल तर तिथे परत जा.

पायरी ६: नेटवर अंगात जोर आणणारे खेळ (२० मिनिटं)

आधी एक नियम, जो मी माझ्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत मुलांना जास्त बॉल मिळावेत म्हणून मी एका वेळी दोन बाजूंनी बॉल द्यायचो, एक मी आणि एक मदतनीस. एक मुलगी माझ्या बॉलकडे बघत होती, दुसरा बॉल तिच्या डोळ्याच्या जेमतेम खाली गालावर लागला. गाल सुजला, डोळा वाचला. ती तीन आठवडे आली नाही, आणि आली तेव्हा नेटपासून लांब उभी राहायची. दोष सगळा माझा होता.

सावधान: एका वेळी एकाच कोर्टवर एकच बॉल जिवंत. देणाऱ्याने डोळ्यांत बघून "तयार?" विचारायचं आणि मान हलल्याशिवाय बॉल सोडायचा नाही. खाली पडलेला प्रत्येक बॉल डाव थांबवून उचलायचा, घोटे त्यावरच मुरगळतात.

पहिला खेळ: मोजणी. नेटच्या दोन्ही बाजूंना जोडीदार, दोघेही नेटपासून अडीच मीटरवर, नारिंगी बॉल. बॉल खाली न पाडता किती व्हॉली होतात ते मोठ्याने मोजायचं. लक्ष्य दहा. जोडीदार समोरचा प्रतिस्पर्धी नसून साथीदार आहे, त्यामुळे मुलं आपोआप हळू आणि नेमकं मारतात. वीसपर्यंत पोहोचलेल्यांना हिरवा बॉल.

दुसरा खेळ: नाकाबंदी. दोन मुलं नेटवर पहारा देतात, समोरच्या सर्व्हिस लाइनवरून एकेक जण येऊन बॉल पलीकडे काढायचा प्रयत्न करतो. बॉल खांद्याच्या खालीच मारायचा, वर मारला की पहारेकऱ्यांना एक गुण. तीन बॉल अडवले की पहारा कायम, दोन सुटले की बदली. कोणालाही "बाद" करू नका. बाद होणारं मूल नेहमी तेच असतं, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते.

इथेच दोन नियम सांगून टाका, बरीच मुलं मॅचमध्ये याच्यावर गुण घालवतात. बॉल खेळात असताना अंग, कपडा किंवा रॅकेट नेटला लागली की गुण समोरच्याला. आणि बॉल नेट ओलांडून आपल्या बाजूला येण्याआधी मारता येत नाही. आपल्या बाजूला मारल्यावर रॅकेट पुढे पलीकडे गेली तर चालते, फक्त नेटला लागायला नको.

सुतळीचा प्रयोग. हे एकदाच करायचं, पण नीट वेळ देऊन. उभं कुठे राहायचं हे तोंडाने सांगून कळत नाही. २१-२१ मीटरचे सुतळीचे दोन तुकडे घ्या. एक मुलगा समोरच्या बेसलाइनवर, सिंगल्सच्या कडेच्या रेषेपाशी उभा राहून दोन्हींची टोकं एका हातात धरतो. एक सुतळी त्याच कडेने सरळ तुमच्या सर्व्हिस लाइनपर्यंत आणा, दुसरी तिरकी, पलीकडच्या कडेला सर्व्हिस लाइनपर्यंत. त्या मुलाचा बॉल साधारण या दोन सुतळ्यांच्या मधूनच येणार. आता एकाला सर्व्हिस लाइनवर उभं करा: त्याला सव्वाआठ मीटर रुंदी सांभाळायची आहे. नेटपासून अडीच मीटरवर आणा: रुंदी साडेसहा मीटरच्या आसपास उरते. आणि या जागी दोन सुतळ्यांचा मध्य कोर्टच्या मध्यावर येत नाही, बॉल असलेल्या बाजूला एक पाऊल सरकलेला असतो. मुलं खाली बघतात, सुतळ्या बघतात आणि स्वतःच सरकतात. सुतळ्या धरणाऱ्याला बेसलाइनवर दुसऱ्या कडेला चालायला सांगा, नेटवरचं मूल त्याच्याबरोबर सरकू दे. आट्यापाट्या खेळणाऱ्याला पाटी सांभाळायची सवय असते, तीच ही गोष्ट.

मुलांपैकी कोणीतरी विचारेलच, "मग अगदी नेटला चिकटून का नाही उभं राहायचं?" शाबासकी द्या आणि त्याच्या डोक्यावरून एक लॉब टाका.

पायरी ७: मागून नेटपर्यंत येणं (१५ मिनिटं)

बेसलाइनपासून सर्व्हिस लाइनपर्यंत साडेपाच मीटर. आखूड बॉलवर पुढे येऊन मारलं की मुलं धावतच राहतात आणि समोरच्याचा फटका येतो तेव्हा ती पूर्ण वेगात असतात. पळता पळता मारलेली व्हॉली क्वचितच आत पडते.

क्रम तीन शब्दांत: धाव, टेक, अडव. बॉल मारला की धाव. समोरचा मारायला रॅकेट पुढे आणतोय असं दिसलं की टेक, तेव्हा तुम्ही कुठेही असा. मग पुढे पाऊल टाकून अडव.

सुरुवातीला सर्व्हिस लाइनच्या एक पाऊल आत ट्यूबचा तुकडा ठेवा आणि तिथे टेकायला लावा. तिसऱ्या दिवशी तो तुकडा काढून टाका. शिकवणारे इथे चुकतात: खूण कायमची ठेवतात, आणि मुलं समोरच्याकडे बघण्याऐवजी जमिनीकडे बघत धावतात. थांबायची जागा समोरचा ठरवतो, खूण ठरवत नाही.

तपासा: दहापैकी सात वेळा टेकल्यानंतर व्हॉली होतेय का? बॉल आत पडला की बाहेर, हे आज मोजू नका.

सावधान: मातीच्या कोर्टवर शेवटचं पाऊल घसरतं. ज्यांना घसरत थांबण्याची सवय नाही त्यांना लहान-लहान तीन पावलांत वेग कमी करायला शिकवा.

पायरी ८: डोक्यावरचा बॉल

थोडक्यात, पण हे सोडू नका. लॉब आला की मुलं समोर तोंड ठेवूनच मागे पळतात आणि पाठीवर पडतात, हात मागे टेकतात, मनगट दुखावतं. आधी रॅकेटशिवाय: बॉल वर गेला की उजव्या हाताच्या मुलाने उजवा पाय मागे घेऊन आडवं व्हायचं, पायावरून पाय टाकत मागे जायचं, आणि डाव्या हाताने बॉल डोक्याच्या पुढे झेलायचा. दहा झेल झाले की रॅकेट.

कोर्ट बहुधा उत्तर-दक्षिण असतात आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. त्यामुळे थंडीत सकाळी उशिरा लॉबचा सराव करताना मुलांना दक्षिणेकडच्या भागात उभं करा, ऊन पाठीवर राहतं.

पायरी ९: खरे गुण

सर्व्हिस नको, तुम्ही बॉल द्या. डबल्स, चौघं. नेटवर हवेतून मारून जिंकलेला गुण दोन, बाकीचा एक. सातला डाव संपतो, हरलेली जोडी बाहेर न जाता बाजू बदलते आणि जिंकलेल्या जोडीच्या जागी नवीन जोडी येते. ओरडून सूचना देऊ नका. एका डावात एकाच गोष्टीवर बोलायचं ठरवा, उदाहरणार्थ फक्त "टेक". बाकीच्या चुका वहीत.

सहा आठवड्यांची मांडणी

आठवड्याला दोन दिवस धरले तर पहिले दोन आठवडे पायऱ्या १ ते ४ आणि शेवटी दहा मिनिटं मोजणीचा खेळ, तोही हाताने झेलून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ५ आणि ६. पाचव्यात ७ आणि ८. सहाव्यात ९. पायऱ्या १ आणि ३ मात्र प्रत्येक दिवशी, पाच-पाच मिनिटं तरी. पहिल्या आठवड्यात पालक विचारतील, "रॅकेट कधी हातात देणार?" त्यांना पायरी ३ चा व्हिडिओ दाखवा.

पावसात काय करायचं

जून ते सप्टेंबर बाहेरच्या कोर्टवर भरवसा नसतो. पायऱ्या १ ते ५ शाळेच्या सभागृहात किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आरामात होतात. बॅडमिंटनचं नेट टेनिससाठी फार उंच असतं, त्याऐवजी दोन खांबांना जमिनीपासून तीन फुटांवर दोरी बांधा. पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर लंगडी घालू नका. टायरमधून आलेलं पाणी दिसत नाही आणि पाय सटकतो.

एखादं मूल तरीही घाबरत असेल तर

त्याला सगळ्यांसमोर नेटवर बोलावू नका. बॅच संपल्यावर पाच मिनिटं थांबवा. पायरी ४ वर परत जा, नारिंगी बॉल, दोन मीटरऐवजी चार मीटर, आणि बॉल त्याच्या अंगावर न टाकता एक हात बाजूला टाका. पाच झेल झाले की आज पुरे. दुसऱ्या दिवशी तीन मीटर. गालावर बॉल लागलेल्या माझ्या त्या मुलीबरोबर मी हे नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी तिने रॅकेट उचलली आणि म्हणाली, "सर, आता तुम्ही पिवळा बॉल द्या, पण आधी विचारा." मी विचारलं, तिने मान हलवली, आणि मग बॉल सोडला.